गाडी कुणाच्या नावावर?

मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी ही नावं आपल्या अंकात वाचून मैत्रिणींना नवल वाटेल. आमच्या सल्ला केंद्रात एक बाई ऑडीची कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आली, तेव्हा मलाही वाटलं होतं. पण जुन्या झाल्या की या गाड्या मध्यमवर्गाच्या आवाक्यात येतात. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीत १० वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, तेव्हापासून तिकडच्या गाड्याही स्वस्तात इतर राज्यांत जाऊ लागल्या.

अशी गाडी दारात आली की पुरुषमंडळींचे प्रश्न ठरलेले. किलोमीटरचा आकडा मागे फिरवलेला नाही ना? गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं? कंपनीबाहेरच्या गॅरेजात काम केलं तर चालेल का? प्रश्न रास्तच आहेत. गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. ते बिल भरायला घरातल्या कुठल्या खर्चाला कात्री लागते, हे मात्र बाईलाच ठाऊक.

आमच्याकडे आलेल्या बाईचा प्रश्न वेगळा होता. "ताई, मला गाडी चालवता येत नाही. मग दंडाच्या नोटिसा माझ्या फोनवर कशा येतात?"

गाडी तिच्या नावावर होती. नवऱ्याच्या नावावर आधीच दोन कर्जं, म्हणून हे तिसरं तिच्या नावावर. एजंटाने बोट ठेवलं तिथे तिने सह्या केल्या. वर्षभरात दोघं वेगळी झाली. गाडी तो घेऊन गेला आणि हप्ते थकले. आरसी, कर्ज, विमा सगळीकडे नाव तिचं, किल्ली त्याच्या खिशात. आणि नातेवाईक म्हणायचे, नशीबवान गं, नवऱ्याने ऑडी नावावर केली!

सातबाऱ्यावर बाईचं नाव लागावं म्हणून आपण इतकी वर्षं भांडत आलो आहोत. म्हणूनच हे स्पष्ट बोलायला हवं, की नाव लावणं म्हणजे दर वेळी हक्क देणं नसतं. कधी ते नुसतं ओझं सरकवणं असतं. जमीन निदान जागची हलत नाही. गाडी हलते, माणसाला धडकते, आणि भरपाईचा दावा नोंदवहीतल्या नावावर येतो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. गाडी हातोहात विकली गेली होती, पण नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. भरपाईची जबाबदारीही त्याच्यावरच आली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. आपल्याला माहीत नव्हतं, हे मालकानेच सिद्ध करायचं.

तेव्हा जुनी गाडी घरात येत असेल, तर इंजिनाचं इतरांना विचारू द्या. तुम्ही कागद मागा. फॉर्म २९ आणि ३० आरटीओत खरंच दाखल झाले का? कोऱ्या फॉर्मवर सही मुळीच करू नका. ही सवय दलालांनी पाडली आहे. गाडी परराज्यातली असेल, तर तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र लागतं. आधीच्या मालकाचं कर्ज आरसीवरून उतरलं का, तेही पाहा. त्याला बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. विमा आपल्या नावावर करून घ्यायला कायद्याने १४ दिवस दिले आहेत. ते राहिलं, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे मागताना कंपनी हात वर करते. सगळ्या कागदांच्या प्रती स्वतःच्या कपाटात ठेवा. कपाटाची किल्लीही.

एवढं विचारलं की घरात कुणीतरी म्हणतंच, "विश्वास नाही का?" या बाईलाही तेच म्हटलं होतं, आणि ती गप्प बसली होती.

कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १९ खाली न्यायदंडाधिकारी बाईची मालमत्ता तिला परत द्यायला सांगू शकतात. त्याखाली आम्ही गाडीसाठी अर्ज केला आहे. बँकेला आणि पोलिसांना लेखी कळवून पोच घेतली आहे. तारीख पडायची आहे. परवा आणखी एक नोटीस आली, द्रुतगती मार्गावरच्या वेगाची. फोटोत गाडीचा नंबर स्वच्छ दिसतो.