विश्लेषण : नोटरी कसे होता येते? नोटरीच्या शिक्क्याने शेत नावावर होते का?

बार्शीटाकळी : शेताची इसारपावती, घराचा भाडेकरार किंवा नावातील दुरुस्तीचे प्रतिज्ञापत्र... 'नोटरी करून आणा' हे वाक्य ठरलेलेच. केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये राज्यातील 14 हजारांहून अधिक वकिलांची नोटरीपदासाठी निवड केली. त्यामुळे अशा कामासाठी अकोल्याची फेरी वाचू शकते. पण हा शिक्का कुठे चालतो आणि कुठे नाही, हा गोंधळ कायम आहे.

नोटरी कोण होऊ शकतो?

नोटरी कायदा 1952 आणि नोटरी नियम 1956 नुसार किमान 10 वर्षे वकिली केलेली व्यक्ती पात्र ठरते. महिला तसेच अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीय वकिलांसाठी ही अट 7 वर्षांची आहे. न्यायिक सेवेत 10 वर्षे काम केलेल्यांनाही अर्ज करता येतो. फक्त एलएलबीची पदवी पुरेशी नाही.

नेमणूक कोण करते?

केंद्र आणि राज्य सरकार, दोघांनाही हा अधिकार आहे. प्रत्येक राज्यातील नोटरींची कमाल संख्या नियमांत ठरलेली असते, त्यामुळे पात्र असूनही संधी मिळेलच असे नाही. केंद्राने सप्टेंबर 2024 मध्ये नोटरी पोर्टल सुरू केले. व्यवसाय प्रमाणपत्र 5 वर्षांसाठी मिळते. मुदत संपण्याच्या 6 महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो. प्रत्येक कामाची नोंदवहीत नोंद ठेवणे आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सरकारला वार्षिक विवरण देणे बंधनकारक आहे.

शिक्का कुठे चालत नाही?

* शेत, प्लॉट, घर : नोटरी केलेल्या इसारपावतीने मालकी बदलत नाही. 100 रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेचे खरेदीखत दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावेच लागते. त्यानंतर फेरफार होऊन सातबारावर नाव चढते. पूर्ण पैसे देऊन केवळ नोटरीवर थांबलेला खरेदीदार कागदोपत्री मालक होत नाही.
* भाडेकरार : महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृत असावा लागतो. तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे.
* लग्न, घटस्फोट : नोटरींनी विवाह किंवा घटस्फोटाचे दस्त करू नयेत, असे केंद्रीय विधी मंत्रालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये स्पष्ट केले आहे.

खरा नोटरी कसा ओळखायचा?

शिक्का गोल, 5 सेंटिमीटर व्यासाचा असतो. त्यावर नाव, कार्यक्षेत्र, नोंदणी क्रमांक आणि नेमणूक करणाऱ्या सरकारचे नाव हवे. प्रमाणपत्राची मुदत विचारून घ्यावी. प्रतिज्ञापत्रावर सही नोटरीसमोरच करावी आणि नोंदवहीतील अनुक्रमांक कागदावर आला का, ते पाहावे. नोटरी नसताना तसे भासवणे हा गुन्हा आहे.

थोडक्यात, सही कोणी आणि कधी केली याचा पुरावा नोटरीकडे तयार होतो. शेताची मालकी मात्र नोंदणी कार्यालयातूनच मिळते.