क्वार्क तारा 'सापडला' म्हणे!

मंडळी, 'क्वार्कचा तारा सापडला' अशी बातमी तुम्ही कधी ना कधी वाचली असेल. असा तारा अजून कोणालाही सापडलेला नाही. 'असू शकतो' एवढंच खरं आहे, आणि तेवढंच छापायला लाज कसली वाटते, हा माझा प्रश्न आहे.

आधी भानगड काय ते सांगतो. मोठा तारा मरताना त्याचा गाभा खचतो आणि न्यूट्रॉन तारा बनतो. वस्तुमान सूर्याच्या दीडपट, व्यास जेमतेम २०-२५ किलोमीटर! आतल्या दाबाखाली न्यूट्रॉन एकमेकांत घुसून त्यांच्यातले क्वार्क मोकळे होत असतील, अशी शंका आहे. अख्खा ताराच क्वार्कचा असेल तर तो याहूनही लहान असू शकतो. म्हणून सगळी मारामारी आकारावरून.

एप्रिल २००२ मध्ये नासाने चंद्रा दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून जाहीर केलं, की आरएक्स जे१८५६ हा तारा फक्त ११ किलोमीटर व्यासाचा आहे, म्हणजे तो क्वार्कचा असावा. गृहीत असं, की क्ष-किरणांत लुकलुक नाही, म्हणजे सगळा पृष्ठभाग सारखाच तापलेला. पण त्या ताऱ्याचा दृश्य प्रकाश एवढ्याशा गोळ्याला झेपणारा नव्हता. त्याच वर्षी स्टोनी ब्रुक विद्यापीठाच्या वॉल्टर आणि लॅटिमर यांनी ताऱ्याचं अंतर नव्याने मोजून व्यास जवळजवळ दुप्पट काढला. म्हणजे साधा न्यूट्रॉन तारा. २००७ मध्ये एक्सएमएम-न्यूटन दुर्बिणीला सात सेकंदांची बारीकशी लुकलुकही सापडली. ही दुसरी बातमी तुमच्यापर्यंत पोचली का?

नासाचं नाव आलं की आपल्याकडे प्रश्न विचारणं थांबतं. इथे अमेरिकेत तिला पहिला प्रश्न विचारणारे अमेरिकेतलेच खगोलशास्त्रज्ञ होते. मी इंजिनिअर माणूस. टॉलरन्स न लिहिता नुसता व्यास लिहिलेलं ड्रॉइंग आम्ही परत पाठवतो. बातमीला ही शिस्त का नको?

कोणी म्हणेल, सामान्य वाचकाला एवढं कुठे कळतं? एक्झिट पोल आणि निकाल यांतला फरक ज्याला कळतो, त्याला हेही कळतं. आपण मात्र त्याच्यापुढे अंदाज निकाल म्हणून ठेवतो, आणि तो चुकला की 'शास्त्रज्ञ रोज वेगळंच सांगतात' म्हणून हसतो. उद्या लशीबद्दल किंवा हवामानाबद्दल तेच शास्त्रज्ञ बोलतील, तेव्हा हे हसू महागात पडतं.

२०२३ मध्ये हेलसिंकीच्या गटाने सर्वांत जड न्यूट्रॉन ताऱ्यांच्या गाभ्यात क्वार्क द्रव्य असण्याची शक्यता ८० ते ९० टक्के काढली. सुंदर काम आहे. पण ते गाभ्याबद्दल आहे, अख्ख्या ताऱ्याबद्दल नाही. आणि उरलेले १०-२० टक्के कशामुळे खरे ठरू शकतात, हेही त्यांनीच लिहिलंय.

तेव्हा पुढची 'सापडला' बातमी आली, की संपादकांना एक पत्र टाका: मोजलं काय, गृहीत काय धरलं, आणि आकडा किती इकडेतिकडे होऊ शकतो?