गाय देता, गायरान का देत नाही?

दानाची गाय आली की फोटो निघतो. गाईच्या गळ्यात हार, बाईच्या हातात दावं, मधात साहेब. फोटो संपला की साहेब जातो. दुसऱ्या दिवशी बाई विचारते, "आता हिले चारू काय?"

दोस्तहो, या प्रश्नाचं उत्तर कुणीच देत नाही. गाय ही गरिबीवरची जगभरची आवडती दवा आहे. अमेरिकेत डॅन वेस्ट नावाच्या शेतकऱ्यानं काढलेली हायफर संस्था १९४४ पासून परदेशातल्या गरिबांना जनावरं देते. अट एक : पहिली कालवड दुसऱ्या गरजूला द्यायची. अट चांगली. घेणारा देणारा होतो. पण गाय बांधायला खुंटा लागतो आणि खुंटा ठोकायला जमीन लागते. ती नाही त्यानं काय करावं?

आपल्याकडे पाहा. २००६ साली पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात आले. कर्जापायी शेतकरी मरत होता. सहा जिल्ह्यांना ३,७५० कोटींचं पॅकेज मिळालं, वर्धा त्यात होता. त्यात अनुदानावर संकरित गाई आल्या. घरातल्या सगळ्या माणसांहून ही गाय जास्त खाते, हे गाऱ्हाणं पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. कापूस पिकवणाऱ्या कोरडवाहू रानात हिरवा चारा आणावा कुठून?

आणि जिल्हा कोणता? जमनालाल बजाजांनी गोसेवा संघ काढला तो. पवनारच्या विनोबांनी १९७९ साली गोहत्याबंदीसाठी उपवास केला तो. गाईची सेवा इथं भरपूर झाली. पण याच विनोबांजवळ १९५१ साली तेलंगणातल्या पोचमपल्लीत दलितांनी काय मागितलं? गाय नाही. ऐंशी एकर जमीन. भूदान तिथून सुरू झालं. म्हणजे गरिबीचं औषध आमच्या माणसांना ठाऊक होतं. विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलंही.

६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला. लाखोंनी माणसं तुरुंगात गेली. मागणी होती पडीक जमिनीची, गायरानाची. शब्द नीट वाचा : गाय-रान. आमच्या माणसानं तिथं ज्वारी पेरली की गाव ओरडतं, गाईच्या तोंडचा घास काढला! मग आमच्या दारात गाय बांधता, तिचा घास कुठं आहे? गावाची गाय ती गाय, अन् आमची कोन?

गाय भाकड झाली तर? कायद्यानं कापायला विकता येत नाही. २०१५ पासून बैलही नाही. म्हणजे दान गळ्यातच. मेली की ओढायला पुन्हा आम्हीच? मेलेली ढोरं सोडा, हे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडात सांगितलं. २०१६ साली उनात कातडं काढणाऱ्या पोरांना झोडपलं, तेव्हा गुजरातचे दलित बोलले : गाईची शेपटी तुमच्याजवळ ठेवा, आमची जमीन द्या.

मी हिंगणघाटात सूतगिरणीत रिंगवर उभा राहतो. पगारवाढ मागितली की दिवाळीला मिठाईचा डबा मिळतो. डबा गोड असतो. पण डबा म्हणजे पगार नव्हे, अन् गाय म्हणजे जमीन नव्हे.

तेव्हा पोरांनो, कुणी हार घेऊन गावात आला तर आधी विचारा : चारा कुठं? पाणी कुठं? सातबारा कुणाच्या नावावर? दानाला हात पसरू नका. तलाठ्याच्या दारात बसा, ग्रामसभेत उभे राहा, गायरानाचा नकाशा मागा.

सातबारा आमच्या नावावर करा. गाय आम्ही आमच्या घामानं घेऊ.

जयभीम.