विज्ञान दिनाच्या भाषणातलं ते एक वाक्य



२८ फेब्रुवारी जवळ आली की आपण मुलांना भाषणं पाठ करायला देतो. त्यात एक वाक्य हमखास असतं : 'रामन परिणामामुळे समुद्र निळा दिसतो.' मीसुद्धा हे वाक्य मुलांकडून कित्येकदा म्हणवून घेतलंय. पण ते चूक आहे. ते आता थांबवायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग खरं काय? १९२१ मध्ये बोटीच्या प्रवासात सी. व्ही. रामन यांनी भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग पाहिला. आकाशाचं प्रतिबिंब पडतं म्हणून समुद्र निळा, असं तेव्हा मानत. रामन यांनी निकोल प्रिझममधून पाहून ते परावर्तन वगळलं, तरी पाणी निळंच! म्हणजे रंग खुद्द पाण्यातूनच येत होता. पाण्याचे रेणू प्रकाश विखुरतात, शिवाय पाणी तांबडा प्रकाश शोषून घेतं.

रामन परिणाम ही पुढची गोष्ट. तो २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात दिसला, सोबत के. एस. कृष्णन होते. प्रकाशाचे कण म्हणजे फोटॉन. रेणूवर आदळून विखुरलेले बहुतेक फोटॉन पहिल्याइतकीच ऊर्जा घेऊन बाहेर पडतात. पण साधारण कोटीत एखादा आपली थोडी ऊर्जा रेणूच्या कंपनाला देऊन जातो. ऊर्जा बदलली की रंग बदलतो! प्रत्येक पदार्थाची कंपनं वेगळी, म्हणून या बदलावरून पदार्थ ओळखता येतो. औषधं आणि रत्नं तपासायला आज हीच पद्धत वापरतात.

चौथीच्या मुलांना हे जड जाईल म्हणता? बरोबर आहे. कोटीतला तो एक फोटॉन राहू द्या. पण प्रकाश विखुरतो हे तर दाखवता येईल ना? काचेच्या ग्लासात पाणी घ्या, थेंब थेंब दूध टाका, खिडक्या लावा आणि मोबाईलची टॉर्च एका बाजूने धरा. बाजूने पाहिलं तर पाणी निळसर, टॉर्चच्या समोरून पाहिलं तर उजेड पिवळसर-नारिंगी. "दूध तर पांढरं होतं, मग निळं कुठून आलं?" असं एका जरी मुलाने विचारलं, तरी विज्ञान दिन साजरा झाला.

पाठ केलेलं भाषण टाळ्यांबरोबर संपतं. स्वतः पाहिलेलं मात्र डोक्यात राहतं. म्हणून यंदा एक भाषण कमी करा, एक ग्लास मांडा. आणि ते वाक्य तेवढं खोडा. बघा, पटतंय का!