जावक मेलवर नाव हवेच

तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेने किंवा शाळेने स्वतःचा मेल सर्व्हर उभा करायचा म्हटले की एक युक्तिवाद पुढे येतो : आपण कळंब-उमरग्याची माणसे, आपल्या सर्व्हरवर कोणाचा डोळा असणार? कॉम्प्युटर आपले, नेटवर्क ऑफिसातले. मेल पाठवतानाही पासवर्ड कशाला?

हा युक्तिवाद मुळातच चुकीचा आहे. १९८२ मध्ये मेल पाठवण्याच्या एसएमटीपी या पद्धतीचे नियम ठरले, तेव्हा पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची सोय त्यात नव्हती. तो सांगेल ते नाव खरे मानले जाई. स्पॅम पाठवणारे गाव पाहत नाहीत. त्यांची यंत्रे रात्रंदिवस आयपी पत्ते धुंडाळत असतात आणि त्यांना हवा असतो एक उघडा सर्व्हर. बाहेरचा दरवाजा बंद करून आतल्या प्रत्येक कॉम्प्युटरला मोकळीक दिली, तरी व्हायरस लागलेला एक कॉम्प्युटर पुरतो. सर्व्हरचा पत्ता काळ्या यादीत जातो आणि वार्षिक सभेची खरी नोटीस सभासदांकडून परत येते.

दुसरा आक्षेप अधिक जाणकारांचा : एसपीएफ (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची नोंद) आणि डीकेआयएम (मेलवरची डोमेनची डिजिटल सही) लावले की पुरे. फेब्रुवारी २०२४ पासून गुगलने जीमेलवर दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना ही दोन्ही, बाकीच्यांना निदान एक तरी बंधनकारक केले. ते योग्यच झाले. पण या नोंदी बाहेरच्या जगाला डोमेनची खात्री देतात. आतून मेल कोणी पाठवला, हे त्या सांगत नाहीत. उलट, लॉगिन न विचारणारा सर्व्हर चोराच्या मेलवरही संस्थेची डीकेआयएम सही इमानाने करून देतो. तेव्हा समोरच्याने तो मेल खोटा मानायचा तरी कशावरून?

म्हणून ओळख दारातच पटवली पाहिजे. मेल सोपवण्यासाठी ५८७ हे वेगळे पोर्ट १९९८ पासून आहे, लॉगिनची पद्धत १९९९ पासून. पोर्ट २५ दुसऱ्या सर्व्हरांसाठी राहू द्यावे. टीएलएस, म्हणजे जोडणीचे कूटलेखन, नसेल तर पासवर्ड घेऊच नये. पोस्टफिक्स आणि डव्हकॉट ही मोफत सॉफ्टवेअर हे सगळे करतात. ज्याचे लॉगिन, त्याच्याच पत्त्यावरून मेल जावा. नाहीतर लिपिकाचा पासवर्ड चोरणारा अध्यक्षांच्या नावाने कर्जाचे पत्र धाडेल. सगळ्यांचा मिळून एक 'ऑफिस' पासवर्ड मला मान्य नाही. स्कॅनरलाही स्वतंत्र खाते द्यावे. जावक क्रमांकाशिवाय आपण कागद बाहेर सोडत नाही, मग मेल का सोडावा? सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार १८० दिवसांचे लॉग जपायचे आहेत. त्यात पाठवणाऱ्याचे नावच नसेल तर चौकशीत ते काय कामाचे?

आपल्या जिल्ह्याला आणखी एक काम आहे. २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. जी संस्था जुन्या नावाचे डोमेन बदलून नवे घेईल, तिने जुने वाऱ्यावर सोडू नये. मुदत संपल्यावर ते कोणीही विकत घेईल आणि सभासद सवयीने जुन्या पत्त्यावर पाठवतील ती कागदपत्रे त्याच्या हाती पडतील. त्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे, या नावाने कोणताही सर्व्हर मेल पाठवत नाही अशी एसपीएफ नोंद ठेवावी आणि तपासणीत न टिकणाऱ्या मेलचे काय करायचे ते सांगणाऱ्या डीमार्क नोंदीत 'रिजेक्ट' लिहावे.