चिप बदलली, तरी पडदा काळाच!



लॅपटॉप ही आता श्रीमंतांच्या घरची चैन राहिलेली नाही. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा, प्रवेश परीक्षेचा सराव करावयाचा, कॉलेजचा प्रकल्प टाईप करावयाचा, तर मोबाईलच्या वीतभर पडद्यावर निभत नाही. म्हणून आपल्या जत तालुक्यातील गवंडीकाम करणारे, ऊसतोडीला जाणारे आईबाप पोटाला चिमटा घेऊन मुलांसाठी वापरलेला लॅपटॉप विकत घेतात. आणि एके दिवशी त्या लॅपटॉपवर उभ्या रेघा दिसू लागतात, रंगीत ठिपके येतात, शेवटी पडदा काळा होतो. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण चित्र नाही. रिपेअरिंगवाला सांगतो, "ग्राफिक्स चिप गेली, बदलावी लागेल." घरात जमवलेले चार पैसे त्यात जातात. पंधरा दिवस बरे जातात आणि पडदा पुन्हा काळा!

अशी दोन-तीन कुटुंबे गेल्या वर्षभरात आमच्याकडे आली. एका घरी तर बापाने मुलीलाच धारेवर धरले होते. "रात्रंदिवस चालू ठेवलास, म्हणून जळाला," असे म्हणून तिचा अभ्यासच बंद करावयास निघाला होता. पैसा गेला तो गेलाच, वर मुलीचे शिक्षणही पणाला लागले. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चिप बिघडली म्हणजे वापरणाऱ्याचाच दोष, असे मुळीच नाही. अमेरिकेतील एनव्हिडिया ह्या चिप बनविणाऱ्या कंपनीने २ जुलै २००८ रोजी स्वतःच जाहीर केले की, लॅपटॉपमधील तिच्या काही चिपा सदोष सामग्रीमुळे नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात निकामी होत आहेत. दुरुस्ती व बदलीसाठी तिने १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. डेल, एचपी, ॲपल अशा नामांकित कंपन्यांच्या लॅपटॉपांत ह्या चिपा होत्या. अमेरिकेत ग्राहक कोर्टात गेले आणि २०१० मध्ये तडजोड झाली. पुढे फेब्रुवारी २०१५ मध्ये ॲपलनेही २०११ ते २०१३ च्या काळातील काही मॅकबुक प्रो लॅपटॉपांचा चित्राचा बिघाड मोफत दुरुस्त करून देण्याची योजना काढली. एवढ्या मोठ्या कंपन्यांचा माल जर आतूनच कच्चा निघतो, तर आपल्या लेकरांच्या माथी खापर का फोडावे?

आता ही चिप बसते कशी ते पाहू. चिपेला पाय नसतात. तिच्या पोटाखाली मोहरीहून बारीक असे डाखाचे शेकडो गोळे असतात आणि त्यांच्यावर ती मदरबोर्डला चिकटलेली असते. चिप तापते तेव्हा सारे फुगते, थंड होते तेव्हा आकसते. प्रत्येक पदार्थ सारखा फुगत नाही. हजार वेळा असे झाले की सांधा थकतो व तडकतो. २००८ च्या त्या चिपांत मात्र तडा ह्या गोळ्यांत नव्हता. चिपेचा सिलिकॉनचा तुकडा आणि त्याची बैठक ह्यांच्यामधील आतल्या सांध्यात तो होता.

येथेच फसवणूक होते. बिघडलेल्या चिपेवर गरम हवा मारली की तडकलेला सांधा तात्पुरता जुळतो आणि पडदा उजळतो. काही दिवसांनी पुन्हा तडा जातो. काही जण एवढेच करून "चिप बदलली" म्हणून पैसे घेतात. काही जण जुनीच चिप काढून, खालचे गोळे नवे घालून बसवितात. त्याला रिबॉलिंग म्हणतात. दोष खालच्या गोळ्यांत असेल तर ते उपयोगी, चिपेच्या आत असेल तर व्यर्थ. सगळे कारागीर असे करतात असे आमचे म्हणणे नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून सांगली-मिरजेपर्यंत प्रामाणिक, हुशार कारागीर आहेत. पण ओळखावयाचे कसे? त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

दुकानात जाण्यापूर्वी घरीच तपासणी करा. लॅपटॉप केबलने टीव्हीला जोडून पाहा. टीव्हीवर चित्र स्वच्छ आले, तर चिप बहुधा निर्दोष आहे. स्क्रीन किंवा तिची केबल खराब असावी. दोन्हीकडे रेघा दिसल्या, तर चिपेवर संशय घ्यावा. काळ्या पडद्यावर बॅटरीचा उजेड तिरका मारा. अंधुक चित्र दिसले, तर फक्त मागचा प्रकाश गेलेला आहे. दोन्हीकडे काहीच नसेल, तर रॅमची पट्टी काढून, पुसून पुन्हा बसवून घ्या. कित्येकदा रोग एवढाच असतो.

दुकानात गेल्यावर विचारा : चिप गेली हे कशावरून ठरविले? नवी चिप कोणत्या नंबरची, नवी की दुसऱ्या बोर्डावरून काढलेली? जुनी चिप मला परत मिळेल का? वॉरंटी किती दिवसांची, आणि बिलावर लिहून देणार का? आणखी एक विचारावे. काही लॅपटॉपांत प्रोसेसरमध्येच चित्राची दुसरी सोय असते. अशा काही मॉडेलांत बिघडलेली वेगळी चिप बंद ठेवूनही लॅपटॉप चालतो. खेळ खेळता येणार नाहीत, पण अर्ज भरणे, टायपिंग, अभ्यास सारे होते. आपल्याला तेवढेच हवे असते!

नवी चिप बसविल्यावरही पडदा काळाच राहिला, तर लगेच तिसरी चिप घालू देऊ नका. कारण शोधावयास सांगा. शिसे नसलेला डाख साधारण २१७ अंशांवर वितळतो. बोर्ड खालून-वरून सारखा तापविला नाही, तर तो वाकतो. मग काही गोळे टेकतच नाहीत, काही एकमेकांना चिकटतात. चिपेत दमटपणा असेल, तर तापविताना ती आतून फुटते. नंबर जुळणारा दिसतो, पण एखादे अक्षर वेगळे असते. कधी चिपेला वीज पुरविणारा भागच जळालेला असतो, मग नवी चिप काय करणार? कधी तांब्याची थंड करणारी पट्टी नीट टेकत नाही, आणि नवी चिप मिनिटभरात तापून बंद पडते. जाणकार कारागीर आधी मीटर लावून विजेच्या वाटा तपासतो, मगच पुढे जातो. जो न मोजता पुन्हा गरम हवा मारावयास घेतो, त्याच्या हाती लॅपटॉप ठेवू नये.

चिप गेली म्हणून आतील कागदपत्रे जात नाहीत, हेही सांगून ठेवतो. जातीचा दाखला, मार्कलिस्ट, फोटो हे सारे डिस्कमध्ये असते. बहुतेक लॅपटॉपांची डिस्क निघते. ती काढून घेऊनच लॅपटॉप दुरुस्तीला द्यावा.

एवढे करूनही फसवणूक झाली, तर गप्प बसू नका. पैसे देऊन करून घेतलेली दुरुस्ती ही कायद्याने सेवा आहे, आणि २० जुलै २०२० पासून लागू झालेला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तिला लागू होतो. १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार सांगता येते. तेवढ्याने भागले नाही, तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील लावलाच पाहिजे असेही नाही. पण हाती पावती हवी. "ओळखीचा माणूस आहे, बिल कशाला?" हे वाक्य आपल्या माणसांना फार महागात पडते.

शेवटी सांभाळण्याविषयी. आपला भाग दुष्काळी, धुळीचा. लॅपटॉप वाकळेवर किंवा उशीवर ठेवला की हवेची जाळी बंद होते. तो पाटावर ठेवावा. वर्षातून एकदा पंखा साफ करून घ्यावा. हे काम थोडक्यात होते आणि चिपेचे आयुष्य वाढते.

त्या मुलीच्या बापाला आम्ही २००८ ची हकिकत सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे पोरीचं काही चुकलं नव्हतं." मायबापहो, यंत्र बंद पडले तर कारागिराला जाब विचारा, दुकानदाराकडे पावती मागा, पण लेकरांचा अभ्यास एक दिवसही बंद पाडू नका. यंत्र आज ना उद्या दुरुस्त होईल. बुडालेले शैक्षणिक वर्ष कोणत्याही दुकानात बदलून मिळत नाही.