घुमणे आणि ऐकणे

गेल्या दिवाळीत घरच्या स्टिरिओला मी सबवूफर जोडला. काम सोपे होते. रिसीव्हरच्या 'सब आउट'मधून एक वायर सबवूफरला आणि रिसीव्हरचा क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर. त्याखालचा खर्ज सबवूफरने सांभाळायचा, वरचे सूर जुन्या स्पीकरांनी. हौसेने तो कोपऱ्यात ठेवला, आवाज वाढवला. मांडणीवरची भांडी थरथरली, मी खूष!

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजी म्हणाल्या, "बाळा, तुझं गाणं ऐकू येत नाही रे, नुसते ठोके येतात. छातीत धडधडतं." मी वरमलो. भिंत वरचे सूर अडवते, खर्ज मात्र तिला सहसा जुमानत नाही.

त्या संध्याकाळी सबवूफर कोपऱ्यातून बाहेर ओढला, आवाज उतरवला, फेजचे बटण ० व १८० दोन्हीकडे फिरवून जिकडे खर्ज भरीव वाटला तिकडे ठेवले. तेव्हा कुठे डग्ग्याचा खरा घुमारा कानी आला.

माझे म्हणणे इतकेच: चांगला सबवूफर असताना जाणवत नाही, बंद केला की चुकल्याचुकल्यासारखे वाटते. आपल्या स्नेहसंमेलनातल्या भिंतीएवढ्या स्पीकरांना हे कोणी सांगेल काय?